आडनाव टाकसाळे, मुक्काम लंडन

माझं माहेरचं आडनाव टाकसाळे. शाळेत "काय गं, घरी नोटा छापता का" हे इतक्या वेळा ऐकलंय की शेवटी मी "हो, मशीन बाथरूममध्ये आहे" असं उत्तर द्यायला लागले होते. प्रत्यक्षात आमच्याकडे पैसे छापणारं कुणी नव्हतं, मोजणारे मात्र होते. बाबा बँकेतून हेड कॅशियर म्हणून रिटायर झाले. अजूनही नोट हातात आली की अंगठा आपोआप तिच्यावरून फिरतो आणि नाणं मिळालं की ते टेबलावर टाकून आवाज ऐकतात, मग ते भाजीवाल्याने दिलेलं असो नाहीतर देवळातलं.

शुभाताई (माझी मावसबहीण) हॅरोला राहते, गेली चार वर्षं बोलावतेय. यंदा सप्टेंबरच्या शेवटी जमलं. बाबांना विचारलं काय काय बघायचंय, तर म्हणाले, "ते मोठं चाक वगैरे मला नको. न्यूटन जिथे नोकरीला होता ती टाकसाळ दाखव." मला आधी वाटलं वयामुळे काहीतरी घोळ होतोय, न्यूटन आणि टाकसाळ? पण बाबा बरोबर होते. सफरचंदवाला न्यूटन आयुष्याची शेवटची तीस-एकतीस वर्षं सरकारी नोकर होता, आणि कुठे, तर इंग्लंडच्या राजाच्या टाकसाळीत. आधी वॉर्डन, मग मास्टर. व्हिसा, तिकिटं, विमान या सगळ्याबद्दल काही लिहीत नाही, सगळं सरळ झालं.

दिवस पहिला (शनिवार): टॉवर

टॉवर हिल स्टेशनातून बाहेर आलं की समोरच किल्ला दिसतो. पाऊस म्हणावा तर नाही, नाही म्हणावा तर चष्मा ओला, असली भुरभुर. आत शिरल्यावर सगळी गर्दी सरळ मुकुट आणि हिरे बघायला पळते, आम्ही बायवर्ड टॉवरची कमान ओलांडून लगेच डावीकडे वळलो. त्या बोळाचं नावच मिंट स्ट्रीट. दोन तटांच्या मधली अरुंद चिंचोळी गल्ली, एका बाजूला घरं, रंगवलेली दारं, कुंड्या. गडद निळ्या-लाल पोशाखातले ते किल्ल्याचे राखणदार, ज्यांना बीफीटर म्हणतात, त्यांची कुटुंबं तिथे राहतात. एका दारासमोर लहान मुलाची सायकल आडवी पडलेली होती. आणि याच गल्लीत, साधारण १२७९ पासून ते १८१० च्या आसपासपर्यंत, म्हणजे पाचशेहून जास्त वर्षं देशाचं नाणं पडत होतं!

तिथे एक छोटंसं प्रदर्शन आहे, ते नीट बघा. मला आवडलं ते हे की नुसती नाणी मांडून ठेवलेली नाहीत, कामाचा त्रासही दाखवलाय. १६६२ च्या आधी नाणं हातानेच पडायचं, खाली एक ठसा, वर एक ठसा, मध्ये चांदीची चकती आणि वरून हातोडा. कडा वाकड्यातिकड्या, त्यामुळे लोक बिनधास्त कातरायचे. प्रत्येक नाण्याची कड थोडी थोडी कातरून चांदी गोळा करायची आणि नाणं पुढे सरकवायचं. आपल्याकडे झिजलेल्या नाण्याला बट्टा लागायचा तसाच प्रकार, पण इथे झीज मुद्दाम केलेली. मग मशीनची नाणी आली, कडेला दाते किंवा अक्षरं असलेली, कातरलं की लगेच कळणार. आपल्या आज्या ज्याला कलदार रुपया म्हणायच्या ना, तो हाच प्रकार, कळ फिरवून पाडलेला.

बाबा तिथल्या एका बीफीटरला गाठून थेट विचारते झाले, न्यूटनसाहेबांचं ऑफिस कुठलं? तो मोठ्याने हसला. म्हणाला, लोक मला विचारतात टॉयलेट कुठे आणि अ‍ॅन बोलिन राणीचं डोकं कुठे उडवलं, हा प्रश्न बऱ्याच दिवसांनी आला. मग त्याने सांगितलं की न्यूटनला वॉर्डनचं घर इथेच मिळालं होतं पण काही महिन्यांतच तो बाहेर राहायला गेला. १६९६ मध्ये देशातली सगळी जुनी चांदीची नाणी गोळा करून नव्याने पाडायचं प्रचंड काम सुरू होतं, पहाटे ४ पासून मध्यरात्रीपर्यंत यंत्रं चालू, तीनशेच्या आसपास माणसं आणि पन्नास घोडे या एवढ्याशा गल्लीत. घोडे कशाला, तर चांदीचे पत्रे लाटणारे रूळ फिरवायला. भट्ट्यांचा धूर आणि घोड्यांची लीद कल्पनेने जोडून घ्या. आता तिथे लॅव्हेंडरच्या कुंड्या आहेत.

आता जरा पदांचं समजून घेऊ, कारण मलाही आधी वॉर्डन आणि मास्टर एकच वाटत होतं. वॉर्डन हा राजाचा माणूस, तेराव्या शतकापासून. मास्टर हा मुळात मक्तेदार. राजा त्याच्याशी लेखी करार करणार, एवढ्या चांदीतून एवढी नाणी, एवढा कस, एवढं वजन, आणि त्यात तुझी मजुरी एवढी. १२७९ च्या सुमाराला पहिल्या एडवर्डने नेमलेला मास्टर तर इंग्रजसुद्धा नव्हता, विल्यम द टर्नमायर नावाचा मार्सेयचा माणूस. पेशवाईत टाकसाळी मक्त्याने दिल्या जायच्या, चांदवडी रुपया वगैरे ऐकलं असेल, त्यातलाच प्रकार. आणि तिसरा अधिकारी कंट्रोलर, तो या दोघांवर लक्ष ठेवणार.

बाबा म्हणाले, "बरोबर आहे, स्ट्राँगरूमची एक चावी माझ्याकडे आणि दुसरी मॅनेजरकडे. एकट्याला दार उघडता येता कामा नये."

हळूहळू मात्र मास्टर हाच खरा साहेब झाला कारण पैसा त्याच्याकडे होता, आणि वॉर्डनची खुर्ची शोभेची होत गेली. १८२९ नंतर तर वॉर्डन हे पदच उरलं नाही.

पुढे टॉवर ग्रीनवर, जिथे शिरच्छेद व्हायचे, तिथे काचेचं एक स्मारक आहे, वर काचेची उशी ठेवलेली. सगळे अ‍ॅन बोलिनचं नाव शोधतात. बाबांनी चष्मा पुसला आणि पहिल्याच नावावर बोट ठेवलं, विल्यम हेस्टिंग्ज, १४८३. हा चौथ्या एडवर्डचा जिवलग मित्र, आणि १४६१ पासून टाकसाळीचा मास्टर! राजा गेला, भावाने म्हणजे तिसऱ्या रिचर्डने गादी बळकवायच्या आधी याला इथेच संपवलं. टाकसाळीत काही घोळ केला म्हणून नाही हं, राजकारणात चुकीच्या बाजूला उभा राहिला म्हणून.

टीप: टॉवरचं तिकीट आधी ऑनलाइन काढा आणि अर्धा दिवस तरी ठेवा. बीफीटरची टूर तिकिटातच असते, वेगळे पैसे नाहीत, ती अजिबात चुकवू नका. आत खाणं महाग आहे, आम्ही तिखटमिठाच्या पुऱ्या नदीकाठच्या बाकावर बसून खाल्ल्या, कावळ्यांपासून सांभाळा, ते तिथले सरकारी कावळे आहेत, कुणाला जुमानत नाहीत.

बाहेर पडल्यावर रस्त्यापलीकडे एक भारदस्त इमारत दिसते, रॉयल मिंट कोर्ट. किल्ल्यातली जागा पुरेना आणि वाफेची यंत्रं आली म्हणून टाकसाळ १८१० च्या सुमाराला इथे हलली आणि शेवटचं नाणं, एक सोन्याचा सॉव्हरिन, १९७५ मध्ये इथे पडलं. ही जागा २०१८ साली चीनने वकिलातीसाठी विकत घेतली. बाबा बराच वेळ फाटकासमोर उभे होते. मी म्हटलं चला, तिथला गार्ड आपल्याकडे बघतोय.

दिवस दुसरा (रविवार): फसलेला बेत आणि सात रस्ते

वेस्टमिन्स्टर अ‍ॅबी. अकरा वाजता पोचलो आणि दारातच कळलं की रविवारी पर्यटकांना प्रवेश नाही, फक्त प्रार्थनेला येणाऱ्यांना. चूक सर्वस्वी माझी. बाबांनी "बँकेला सुट्टी असते तशी देवाला नसते, पण याच्या देवळाला आहे" असं काहीतरी पुटपुटून घेतलं. (टीप वेगळी द्यायला नको.)

मग बसने सेव्हन डायल्सला गेलो, शुभाताईने सुचवलं, तिला तिथली दुकानं आवडतात. सात रस्ते एका चौकात येऊन मिळतात, मध्ये खांब, खांबावर सूर्यतबकड्या. बाबांनी मोजल्या, सहाच. परत मोजल्या. मूळ आराखड्यात सहाच रस्ते होते म्हणून सहा, सातवा नंतर घुसवला. हा चौक वसवला कुणी, तर टॉमस नील. आणि हा नील म्हणजे न्यूटनच्या आधीचा टाकसाळीचा मास्टर!

हे मला कुणी सांगितलं असतं तर खरं वाटलं नसतं. हा गडी राजवाड्यातल्या जुगाराचा कारभारी, सरकारसाठी लॉटरी काढणारा, जमिनीचे प्लॉट पाडणारा आणि जोडीला टाकसाळीचा मास्टर. सात कोपरे केले की दर्शनी दुकानं जास्त मिळतात आणि भाडं जास्त येतं, हे डोकं. टाकसाळीत काय करायचा? पगार आणि कमिशन घ्यायचा, काम हाताखालचे बघायचे. त्या काळी ही पदं अशीच होती, आयुष्यभरासाठी मिळायची आणि बक्षिसासारखी वाटली जायची. त्याआधीच्या शतकात ब्रिस्टलच्या टाकसाळीवरच्या विल्यम शॅरिंग्टनने तर स्वतःच घोटाळा केला, १५४९ मध्ये पकडला गेला, गुन्हा सिद्ध झाला, आणि पुढे माफी मिळवून जप्त झालेली इस्टेट परत विकत घेतली. कुंपणच शेत खाणं म्हणतात ते. आणि आठव्या हेन्रीच्या काळात तर राजाच्याच हुकमाने चांदीत इतकं तांबं घातलं की नाणं झिजल्यावर राजाच्या चित्राचं नाक पहिल्यांदा तांबडं व्हायचं, लोक त्याला तांबडनाक्या म्हणायला लागले.

न्यूटनला जेव्हा वॉर्डनकीचं पत्र आलं, मार्च १६९६ मध्ये, तेव्हा त्याच्या ओळखीच्या अर्थमंत्र्याने, चार्ल्स मॉन्टेग्यूने त्यात साधारण असंच लिहिलं होतं की पैसे बरे आहेत आणि तुला जमेल त्याहून जास्त हजेरी लावावी लागेल एवढं काम नाही. म्हणजे सरळ सांगितलंच की, ये आणि आराम कर. तो तेव्हा त्रेपन्न वर्षांचा. केंब्रिजमध्ये त्याच्या वर्गाला पोरं फिरकत नसत म्हणतात. आला आणि या बाबाने चक्क काम करायला सुरुवात केली.

जेवण नील्स यार्डात, त्याच नीलच्या नावाचं अंगण, निळीपिवळी रंगवलेली घरं, फोटोला छान. एका चीजच्या दुकानात चव बघायला तुकडे देत होते. बाबांनी एक तोंडात टाकला, बराच वेळ घोळवला आणि मराठीत म्हणाले, "याला बुरशी आलीय हे त्यांना माहितीय का?" शुभाताई म्हणाली, "काका, ती मुद्दाम आणतात." पुढे ते फक्त ब्रेड खात बसले.

दिवस तिसरा (सोमवार): अ‍ॅबी, जर्मिन स्ट्रीट, टायबर्न

आज ऊन! खरंखुरं ऊन, स्वेटर काढण्याइतकं. अ‍ॅबीत शिरलो तेव्हा रंगीत काचांमधून फरशीवर निळे-लाल डाग पडलेले.

न्यूटनचं स्मारक सगळ्यांना माहिती असतं, पांढरा-करडा संगमरवर, तो पुस्तकांच्या ढिगावर रेलून पहुडलाय, वर आकाशातल्या ताऱ्यांचा गोल. लोक येतात, वर बघतात, फोटो काढतात आणि जातात. तुम्ही खाली बघा. पेटीच्या दर्शनी भागावर गुबगुबीत उघड्या पोरांची एक नक्षी आहे. एकाच्या हातात लोलक, एकाकडे दुर्बीण, एक जण काट्याला ग्रहगोल टांगून वजन करतोय. आणि त्यांच्यातच भट्टी आहे आणि नव्या नाण्यांनी भरलेलं भांडं घेतलेला एक पोरगा. गुरुत्वाकर्षण आणि टाकसाळ एकाच ओळीत, एकाच मापाची! मी पाचेक मिनिटं त्या पोराकडेच बघत होते. ज्यांनी हे १७३१ मध्ये उभं केलं त्यांना टाकसाळीची नोकरी लपवण्यासारखी वाटली नव्हती, उलट कोरून ठेवण्यासारखी वाटली. आपल्या शाळेच्या पुस्तकात मात्र सफरचंदावर गोष्ट संपली.

जवळच फरशीत जॉन हर्शेल आहे, खगोलशास्त्रज्ञ, तोही टाकसाळीचा मास्टर, १८५० ते १८५५. त्याला या कामाने आजारी पाडलं, शेवटी सोडावं लागलं. त्याच्यानंतर टॉमस ग्रॅहम, केमिस्ट्रीत वायूंच्या विसरणाचा ग्रॅहमचा नियम शिकलो होतो ना, तोच. १८६९ मध्ये ग्रॅहम गेला आणि सरकारने ठरवलं की आता वेगळा मास्टर नको. तेव्हापासून ब्रिटनचा अर्थमंत्री हाच पदसिद्ध मास्टर ऑफ द मिंट असतो आणि खरं काम डेप्युटी मास्टर बघतो. २०२४ मध्ये रेचेल रीव्हज अर्थमंत्री झाल्या तेव्हा हे जुनं पद पहिल्यांदा एका बाईकडे आलं, आणि बातम्यांमध्ये याचा कुठे उल्लेखही दिसला नाही मला.

मग पूर्वेकडच्या ओवरीतली पिक्स चेंबर. ठेंगणी, अंधारी, जाड खांबांची खोली, दाराला दार, एकामागे एक दोन जाडजूड ओकचे दरवाजे. पिक्स म्हणजे पेटी. टाकसाळीत पाडलेल्या प्रत्येक खेपेतली काही नाणी बाजूला काढून पेटीत टाकायची आणि ठरावीक काळाने सोनारांच्या पंचांपुढे ती पेटी उघडायची, वजन करायचं, वितळवून कस लावायचा. तेराव्या शतकापासून चालू आहे आणि आजही दरवर्षी लंडनच्या सोनारांच्या संघाच्या वाड्यात होतं. कायद्याने ती कोर्टातली सुनावणीच असते, न्यायाधीश असतो, पंच शपथ घेतात, आणि आरोपीच्या जागी कोण, तर टाकसाळीचा मास्टर. बाबांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. "सरप्राइज ऑडिट," एवढंच म्हणाले, पण ज्या आदराने म्हणाले ना.

न्यूटनचीही एकदा पंचाईत झाली होती. १७१० च्या परीक्षेत पंचांनी सांगितलं की सोनं कसाला किंचित कमी भरतंय. दुसरा कुणी असता तर दंड भरून गप्प बसला असता. याने उलट सिद्ध करायला घेतलं की माझं नाणं बरोबर आहे, तुम्ही ज्याच्याशी तुलना करताय ती १७०७ ची नमुन्याची पट्टीच जास्त शुद्ध आहे. आणि ऐकावं लागलं त्यांना, जुनी पट्टी परत वापरात आली. या माणसाशी वाद घालायची माझी तरी हिंमत झाली नसती.

टीप: अ‍ॅबीचं तिकीट महाग आहे पण संध्याकाळच्या गायन-प्रार्थनेला फुकट बसता येतं, मात्र तेव्हा फिरता येत नाही. पिक्स चेंबर तिकिटातच आहे, बहुतेक लोक तिथवर जातच नाहीत.

दुपारी ८७ जर्मिन स्ट्रीट. आता शर्ट-बुटांच्या महागड्या दुकानांचा रस्ता, एका इमारतीवर पाटी आहे की न्यूटन इथे राहायचा. दोन मिनिटांचं काम. तिथून चालत मार्बल आर्च, आणि बेजवॉटर रोड-एजवेअर रोड मिळतात तिथल्या ट्रॅफिक आयलंडवर जमिनीत बसवलेली एक गोल पाटी: टायबर्नच्या फाशीच्या खांबाची जागा. चारी बाजूंनी बसेस घोंघावतायत.

इथे का आलो? विल्यम शॅलोनरसाठी. हा एका खिळेवाल्याकडे शिकाऊ म्हणून लागलेला पोरगा, पुढे लंडनमधला नंबर एकचा खोटी नाणी पाडणारा झाला. हिंमत तर बघा, त्याने पार्लमेंटपुढे जाऊन सांगितलं की टाकसाळीतच भ्रष्टाचार आहे, मला आत सोडा, मी दाखवतो नाणी कशी सुरक्षित करायची. न्यूटनने आत सोडलं नाही, पण मनात मात्र धरलं. खरं म्हणजे खोटी नाणी पाडणाऱ्यांना पकडणं हे वॉर्डनचं काम असल्याचं कळलं तेव्हा न्यूटनने वरिष्ठांना लिहिलं होतं की यातून मला मोकळं करा. नाही केलं. मग तो त्यात असा घुसला की विचारू नका, तुरुंगात जाऊन जबान्या घेतल्या, खबरे नेमले, दारूच्या गुत्त्यांमध्ये बसला. दीड वर्षात शंभरावर जबान्या. खोटं नाणं पाडणं म्हणजे राजद्रोह, शिक्षा मृत्यूच. शॅलोनरने शेवटी न्यूटनला पत्र लिहिलं, तुमच्याशिवाय मला कुणी वाचवू शकत नाही म्हणून. उत्तर गेल्याची नोंद नाही. मार्च १६९९ मध्ये त्याला इथे फाशी दिलं.

मला काय वाटलं ते कसं लिहू. सकाळी त्या नाणी घेतलेल्या पोराकडे बघून छान वाटलं होतं, इथे बसच्या धुरात तसं नाही वाटलं. बाबांना विचारलं, खोटी नोट घेऊन येणाऱ्याचं तुम्ही काय करायचात? म्हणाले, "नोटेवर शिक्का मारायचो, पावती द्यायचो. बहुतेकांना माहीतच नसायचं गं. रडायच्या बायका." पुढे काही बोलले नाहीत. त्याच वर्षाच्या डिसेंबरात नील वारला आणि न्यूटन वॉर्डनचा मास्टर झाला. पगार वर्षाला ४०० चा ५०० पौंड, शिवाय पाडलेल्या नाण्यांवर कमिशन, आणि मरेपर्यंत म्हणजे १७२७ पर्यंत त्याच खुर्चीत.

दिवस चौथा (मंगळवार): वेल्स

टाकसाळ आता लंडनमध्ये नाहीच, वेल्समध्ये आहे, लानट्रिसंटला. दशमान पद्धत यायची होती, कोट्यवधी नवी नाणी लागणार होती, लंडनात जागा नव्हती, म्हणून १९६८ मध्ये तिकडे सुरू केली. वेल्श भाषेत सुरुवातीचा "ल" जीभ टाळ्याला लावून बाजूने हवा सोडत म्हणतात. बाबांचं ठाम मत की हा आपला ळ आहे आणि दिवसभर ते ळानट्रिसंट म्हणत राहिले. पोलोच्या गोळ्यांची ती जुनी जाहिरात आठवते का, द मिंट विथ द होल? लंडनवाले चिडून या गावाला म्हणायचे, द होल विथ द मिंट!

पॅडिंग्टनहून कार्डिफ दोन तासांच्या आसपास, पुढे छोट्या गाडीने पॉन्टिक्लन, तिथून टॅक्सी. आमची दुसरी गाडी ऐन वेळी रद्द झाली, कार्डिफच्या फलाटावर सव्वा तास काढला. तिथे एका टपरीवर वेल्श केक मिळाले, तव्यावर भाजलेले, मनुका घातलेले, वरून साखर, गरमगरम. साटोरी आणि नानकटाई यांचं लग्न लावलं तर जे होईल ते. आम्ही सहा खाल्ले. म्हणून त्या रद्द झालेल्या गाडीबद्दल माझी तक्रार नाही.

गाडीत बाबांनी १७१७ चा विषय काढला. तेव्हा इंग्लंडातली चांदी गायब होत होती. न्यूटनने मास्टर म्हणून सरकारला अहवाल दिला आणि त्यात कारण लिहिलं की चीन-जपानमध्ये एक पौंड सोन्याला नऊ-दहा पौंड चांदी मिळते, हिंदुस्थानात बारा, आणि आपल्याकडे पंधराच्या वर. म्हणजे इथली चांदी जहाजात भरून पूर्वेला नेली की नुसत्या फरकावर फायदा. सोन्याचा गिनी २१ शिलिंगांना बांधून टाकला तरी चांदी जातच राहिली, आणि इंग्लंड नकळत सोन्यावर येऊन बसलं. "म्हणजे न्यूटनला मुंबई-सुरतेच्या सराफाचा भाव माहिती होता," बाबा म्हणाले. होताच की.

टाकसाळीत गाईड घेऊन फिरवतो. आमचा गाईड पांढऱ्या मिशांचा, गाणं म्हटल्यासारखं इंग्रजी. काचेपलीकडे प्रेस चालू, मिनिटाला ७५० नाणी. न्यूटनच्या काळात स्क्रू प्रेसवर मिनिटाला पन्नास-पंचावन्न पडायची, एक माणूस खड्ड्यात बसून ठोका पडायच्या आत चकती सरकवणार, चुकला की बोट गेलं. आता कारखान्यात माणसंच दिसत नाहीत. दुसऱ्या देशांची नाणी पाडणं त्यांनी २०२४ मध्ये थांबवायचं ठरवलं, आणि आता जुन्या कॉम्प्युटर-टीव्हीच्या सर्किट बोर्डांमधून सोनं काढायचा प्लँट टाकलाय. लोक नाणी वापरत नाहीत त्याला काय करणार.

बाबांनी गाईडला आपला हुकमी एक्का टाकला: १९१८ मध्ये तुमच्या टाकसाळीची शाखा मुंबईत होती, सॉव्हरिनवर बारीक आय अक्षर असायचं. गाईडचे डोळे चमकले. खरं आहे, महायुद्धात मुंबईत सुमारे १३ लाख सॉव्हरिन पाडले होते. त्यानंतर त्या दोघांचं असं जमलं की बाकीची मंडळी पुढे गेली तरी हे एका काचेसमोर उभे.

तिथे त्याने बाबांना कडेचं प्रकरण सांगितलं. १९८३ ला गोल पौंड आला तेव्हा कडेवर लॅटिन शब्द घातले, डेकस एट ट्यूटामेन, म्हणजे दागिना आणि संरक्षण. हेच शब्द १६६२ पासून क्राउन नावाच्या चांदीच्या नाण्याच्या कडेवर होते, कातरणाऱ्यांसाठी. "पण आमच्या वेल्सच्या चित्राचा पौंड असेल," तो छाती काढून म्हणाला, "तर त्याच्या कडेवर लॅटिन नाही, वेल्श. आमच्या राष्ट्रगीतातली ओळ, मी माझ्या देशाशी इमानी आहे." पुढे खोटे पौंड इतके वाढले, दर तीसेकात एक, की २०१७ मध्ये गोल पौंड बंद करून बारा कोनांचा आणला.

टीप: टूरची वेळ आधी बुक करा, आणि सुट्टीचे वार बघून जा. जास्त पैसे देऊन स्वतःच्या हाताने बटण दाबून एक नाणं पाडता येतं. बाबांनी पाडलं. टाकसाळे घराण्यात किती पिढ्यांनी कोण जाणे.

रात्री हॅरोला परत. जेवताना (पिठलं-भात, देवा) बाबांनी शुभाताईला विचारलं, तुझ्याकडे जुना गोल पौंड आहे का. भाऊजींनी ड्रॉवर उपसला, सेल, चाव्या, कसलेकसले स्क्रू, आणि तळाशी एक गोल पौंड. २००० सालचा, मागे वेल्सचा ड्रॅगन. बाबांनी टेबलावर टाकून आवाज ऐकला. काही बोलले नाहीत. मग दिव्याखाली धरून बोटाने हळूहळू फिरवत कड वाचायला लागले, एकेक अक्षर, नातवाला बाराखडी शिकवावी तसं. डे. क. स.

"अगं, ड्रॅगन आहे आणि लॅटिन आहे!"

सगळं बरोबर, वर्ष बरोबर, राणी बरोबर, ड्रॅगन सुरेख, फक्त ज्याने पाडलं त्याला वेल्सची कड वेगळी असते हे माहीत नव्हतं. वीस-पंचवीस वर्षं ते नाणं दुकानातून दुकानात फिरून या ड्रॉवरमध्ये येऊन पडलं होतं. बाबांना इतकं खूश मी त्यांच्या रिटायरमेंटच्या सत्कारालाही बघितलं नव्हतं. मला दे, म्हणाले. भाऊजी म्हणाले, काका, खोटं नाणं जवळ ठेवणं इथे गुन्हा आहे, मी उद्या पोलीस स्टेशनला देऊन टाकतो. बाबा दोन मिनिटं गप्प. मग शुभाताईच्या मुलीकडून पेन्सिल मागून घेतली, नाण्यावर कागद ठेवला आणि शिसं आडवं धरून घासायला बसले. आधी राणी, मग ड्रॅगन. कड काही केल्या उमटेना, शेवटी नाणं उभं धरून कागदावर गडगडवत नेलं, तेव्हा एक पुसटशी रेघ आली, अक्षरांची. तो कागद त्यांच्या पासपोर्टमध्ये आहे.